फिडलर ऑन द रूफ – सासूबाईंसोबत तीन तास

निशिगंध:

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण डोक्यातून जातच नाहीये.

लेकीच्या शाळेत (इकडे न्यू जर्सीत) दर वर्षी एक म्युझिकल बसवतात. यंदा फिडलर ऑन द रूफ आहे आणि लेक त्यात गावकरीण आहे, म्हणजे डोक्याला रुमाल बांधून गर्दीत उभं राहायचं आणि पहिल्या गाण्यात हात वर करायचे. तर गेले दोन महिने आमच्याकडे "ट्रडिशऽऽन" चालूय, अगदी बाथरूममधून पण. म्हटलं एकदा पिक्चर तरी बघून घेऊ, १९७१चा, नॉर्मन ज्युइसनने केलेला. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्या पण बसल्या. मला वाटलं अर्ध्या तासात "चालू दे तुमचं" म्हणून उठतील. तर मध्यंतरात चहा टाकायला मी उठले, त्या नाही उठल्या.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण १९०५चा रशिया, झारचं राज्य, अनातेव्का नावाचं काल्पनिक खेडं. तिथे टेव्या नावाचा गरीब यहुदी दूधवाला, बायको गोल्डे आणि पाच मुली. घोडा लंगडा झालाय म्हणून स्वतःच गाडी ओढतोय आणि ओढता ओढता देवाशी गप्पा मारतोय, म्हणजे तक्रारी पण कशा, शेजाऱ्याकडे कराव्यात तशा. मोठी मुलगी त्साइटेल, तिचं लग्न येंटे नावाच्या मध्यस्थ बाईने म्हाताऱ्या श्रीमंत खाटकाशी ठरवत आणलंय, पण तिला मोटल नावाचा कफल्लक शिंपी हवाय. दुसरी होडेल, ती पर्चिक या क्रांतिकारी मास्तरच्या प्रेमात. तिसरी हावा, तिला फ्येडका आवडतो, आणि तो रशियन, ख्रिश्चन. प्रत्येक वेळी बाप हवेत हात करून तोलत बसतो, एकीकडे हे, पण दुसरीकडे ते. पहिलीच्या वेळी पारडं मुलीकडे झुकतं. दुसरीच्या वेळी पण, जरा कुरकुरत. तिसरीच्या वेळी तो तोलायला लागतो आणि मधेच थांबतो. दुसरीकडे असं काही नाहीच, म्हणतो. संपलं.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. या पिक्चरला सगळे गोड फॅमिली म्युझिकल म्हणतात पण त्याचा कणा हा हिशोब आहे. पहिल्या दोन मुलींच्या वेळी आपण हसत हसत बापाच्या बाजूने होतो, वाटतं किती समजूतदार माणूस, आणि त्याच हसण्यात आपल्याला अडकवून तिसऱ्या वेळी पिक्चर आपल्यालाच विचारतो की आता बोल. इतका आवडलेला माणूस समोर पोटच्या पोरीकडे पाठ फिरवून चाललाय आणि त्याचा राग पण नीट करता येत नाही.

सासूबाईंचं सांगायलाच हवं. पहिला प्रश्न, "दुधात पाणी घालत असेल का गं हा?" मग मोठीचं लग्न मोडायला टेव्या रात्री अंथरुणात ओरडत उठतो आणि बायकोला खोटं खोटं स्वप्न सांगतो ना, की तुझी मेलेली आजी आली आणि शिंप्याशी लग्न ठरवल्याबद्दल अभिनंदन करून गेली, वर खाटकाची मेलेली पहिली बायको येऊन गळा दाबीन म्हणून दम देऊन गेली, ते बघून सासूबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. म्हणे आमच्या आळीत एकीच्या अंगात बरोब्बर सुनेच्या माहेरची माणसं यायची असली की यायचं.

आणि मग ते गाणं, पंचवीस वर्षं संसार झाल्यावर टेव्या बायकोला विचारतो की तुझं माझ्यावर प्रेम आहे का. ती आधी म्हणते तुला अपचन झालं असेल, जा पड जरा. मग काय काय केलं ते मोजून दाखवते, कपडे धुतले, स्वयंपाक केला, गाय पिळली. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा तोंड बघितलेली दोघं. यावर मात्र सासूबाई हसल्या नाहीत. बघत राहिल्या नुसत्या. सासरे जाऊन सहा वर्षं झाली.

कोणी बघितलाय का? बोला प्लीज, घरात मी आणि त्या सोडून सगळे कंटाळलेत या विषयाला.

तिरकस_तात्या:

"दुधात पाणी घालत असेल का" =)) =)) आजींना सलाम. समीक्षा इथेच संपली, धागा बंद करा.

चष्मिष:

मस्त लिहिलंयस. वाचनखूण साठवली. मी हा थेटरात बघितलेला नाही पण डिस्क घेऊन इतक्या वेळा बघितलाय की बायको आता पुढचे डायलॉग आधी म्हणते.

थोडं तांत्रिक. छायाचित्रकार ऑस्वल्ड मॉरिस. त्याने सगळा पिक्चर लेन्सवर बायकांचं तपकिरी स्टॉकिंग ताणून शूट केला, म्हणून ते मातकट, पिकल्या पानासारखे रंग आहेत. नुसता फिल्टर लावून ते आलं नसतं. त्या वर्षीचं छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं त्याला. आणि गाव सेट नाहीये पूर्ण, युगोस्लाव्हियात (आताच्या क्रोएशियात) झाग्रेबजवळच्या खेड्यांमध्ये जाऊन केलंय, म्हणून चिखल खरा वाटतो, कोंबड्या पण खऱ्या आणि मख्ख.

आता मुद्द्याचं. ब्रॉडवेवर हे १९६४ला आलं तेव्हा जेरोम रॉबिन्सने बसवलं होतं. रॉबिन्स म्हणे तालमीच्या आधी लेखक-संगीतकारांना सारखा एकच प्रश्न विचारून भंडावायचा, हे नाटक कशाबद्दल आहे? ते सांगायचे, दूधवाला आहे, मुली आहेत. तो म्हणायचा ते नाही, *कशाबद्दल* आहे? शेवटी कोणीतरी वैतागून म्हणालं की परंपरा मोडत जाते त्याबद्दल. मग तेच पहिलं गाणं झालं. स्टेजवर सगळे गावकरी हातात हात धरून येतात आणि एक रिंगण होतं, आणि शेवटी गाव सोडताना ते रिंगण सुटतं. स्टेजवर बघताना अंगावर येतं ते.

सिनेमात ज्युइसनने रिंगण काढून टाकलं! त्याच्या जागी काय, तर गावातली कामं. खाटकाचा सुरा, सुई, कोंबड्या, प्रार्थनेची पुस्तकं, हे सगळं गाण्याच्या ठोक्यावर कापलंय, म्हणजे परंपरा म्हणजे काय तर रोजचे हात. मला हे रिंगणापेक्षा भारी वाटतं कारण कॅमेऱ्याला रिंगण नको असतं, त्याला बोटं हवी असतात. नाटकावरून सिनेमा करताना नुसतं नाटक मोठ्या जागेत नेलं की फसतं, इथे प्रत्येक ठिकाणी बदली शोधलीय.

अजून एक किस्सा. स्टुडिओवाल्यांनी ज्युइसनला बोलावलं ते आडनावावरून तो ज्यू असणार असं धरून. त्याने मीटिंगमध्ये सांगितलं की मी ज्यू नाही, चालेल का. कॅनडाचा प्रोटेस्टंट होता बिचारा.

पेटीमास्तर:

धागा उशिरा दिसला. गाण्यांबद्दल कोणीच नाही बोललं अजून म्हणून.

संगीत जेरी बॉक, गीतं शेल्डन हार्निक. सिनेमासाठी सगळं पुन्हा बांधलं जॉन विल्यम्सने, तोच तो पुढे जॉज आणि स्टार वॉर्सवाला, आणि त्याचं आयुष्यातलं पहिलं ऑस्कर याच कामासाठी आहे. पडद्यावर छपरावर जो फिडलर दिसतो तो वाजवत नाहीये, व्हायोलिन आयझॅक स्टर्नचं आहे. नावं येतात तेव्हा एकट्या व्हायोलिनची जी जागा आहे ती हेडफोन लावून ऐका, रात्री.

आपल्या कानाला हे इतकं जवळचं का वाटतं त्याचं एक कारण सांगतो. पूर्व युरोपातल्या यहुदी संगीतात एक सुरावट फार येते, फ्रायगिश म्हणतात. रे कोमल, ग शुद्ध, ध आणि नि कोमल. पेटीवर वाजवून बघा. बसंत मुखारी! चाल, चलन वेगळं, राग वगैरे काही नाही ते, पण सूर तेच. टेव्या श्रीमंत झालो तर म्हणून जे गातो त्यात मधेमधे बिनशब्दांचं गुणगुणतो ना, हात वर करून, तिथे मला त्याची झाक येते. ते बिनशब्दांचं गाणं हसिदी या यहुदी पंथाच्या लोकांमधून आलंय, शब्द संपले की नुसता सूर. आपल्याकडे भजनात टिपेला पोचल्यावर होतं तसंच साधारण.

माझी एक शिकवणीची मुलगी आहे तिला ही चाल ओळखीची वाटली कारण २००४ला ग्वेन स्टेफानीने रिच गर्ल नावाने उचलली होती. मी म्हटलं बरं.

तिरकस_तात्या:

आता जरा सिरीयस विरोध नोंदवतो, नाहीतर सगळे +१ +१ करत बसाल.

एक, पिक्चर लांब आहे. तीन तास. पर्चिक आला की मी पाणी प्यायला उठतो. दोन, झीरो मोस्टेलला घ्यायला हवं होतं. ब्रॉडवेचा मूळ टेव्या तो. त्याला डावलून टोपोलला घेतलं, जो लंडनच्या प्रयोगात होता. तीन, चष्मिष ज्याला कौतुकाने खरा चिखल म्हणतोय तिथेच माझा घोटाळा होतो. नाटकाचं नावच मुळात शागालच्या चित्रांवरून, स्टेजचे सेट पण त्याच वळणाचे, वाकडी घरं, तरंगती माणसं. त्या जगात माणूस गायला लागला तर खटकत नाही. खऱ्या गोठ्यात खऱ्या गायीसमोर माणूस अचानक गायला लागला की मला गायीची काळजी वाटते.

आपल्याकडे कट्यारचं पण तेच झालं. १९६७चं नाटक, २०१५चा सिनेमा. सिनेमा भव्य आहे, मान्य, गाणी सुंदर, पण नाटकात बैठकीला बसल्यासारखं वाटायचं ते राजवाड्यात हरवलं.

चष्मिष:

तात्या, मोस्टेलचं काम मी फक्त ऐकलंय, रेकॉर्डवर. प्रचंड माणूस, पण तो प्रेक्षकांना खिशात घालणारा नट. क्लोजअपमध्ये तो मावला नसता असं आपलं माझं मत. टोपोल शूटिंगच्या वेळी ३५ वर्षांचा होता हे माहितीये का? पस्तीस! पाच मुलींचा बाप, पाठ बघा त्याची, चालताना खांदे कसे पडलेत. मेकअपने सुरकुत्या येतात हो, खांदे नाही येत. २०२३ला गेला, आणि पुढच्या जानेवारीत ज्युइसन पण.

आणि मोस्टेल-रॉबिन्सची गोष्ट स्वतंत्र धाग्याची आहे. मॅकार्थीच्या काळात (अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकून काढणं चालू होतं तेव्हा), १९५३ला, रॉबिन्सने चौकशी समितीपुढे सहकाऱ्यांची नावं सांगितली होती आणि मोस्टेल त्याच काळात ब्लॅकलिस्ट होऊन घरी बसलेला. तरी दोघांनी हे नाटक एकत्र केलं. तालमीत वातावरण काय असेल कल्पना करा.

बोरुबहाद्दर:

मूळ कथा शोलेम अलेखेमच्या, यिद्दिशमधल्या. १८९४ पासून वीसेक वर्षं तो टेव्याच्या गोष्टी अधूनमधून लिहीत राहिला, म्हणजे टेव्या आणि लेखक बरोबरच म्हातारे झाले. १९०५ला कीव्हमध्ये यहुद्यांवर हल्ले झाले ते त्याने स्वतः पाहिले आणि देश सोडला.

कथा नाटकापेक्षा बऱ्याच कडू आहेत. एक मुलगी बुडून जीव देते. गोल्डे पण मरते. पण गंमत अशी की हावा, जिच्यासाठी निशिगंधताईंनी धागा काढलाय, ती कथेत शेवटी नवऱ्याला सोडून बापाकडे परत येते. नाटककार जोसेफ स्टाइनने ते बदललं. नाटकात आणि सिनेमात ती नवऱ्यासोबतच राहते, दोघं क्राकोला निघतात, आणि बापाला निरोप द्यायला दारात येऊन उभी राहतात. अमेरिकेत १९६४ला हे करायला थोडा दम लागतो. मुलगी परत आली की बाप बरोबर ठरतो, हिशोब मिटतो. ती परत येत नाही म्हणून तो मिटत नाही.

जपानचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. १९६७ला टोकियोत प्रयोग झाले तेव्हा तिथल्या निर्मात्याने स्टाइनला विचारलं, हे नाटक अमेरिकेत लोकांना समजतं का हो? इतकं जपानी आहे ते!

मांदेली:

मी रेवदंड्याचा. सगळे "हे किती आपलं" म्हणतायत तर जरा दुसरी बाजू पण.

आमच्या भागात यहुदी, म्हणजे बेने इस्रायली, पिढ्यानपिढ्या राहिले. शनवार तेली म्हणायचे लोक, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. नवगावला गलबत फुटलं आणि वाचलेल्यांनी तिथे वस्ती केली अशी त्यांची कथा. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. मराठी बोलणार, कीर्तनं करणार, यहुदी कथांवर मराठीत कीर्तनं बरं का. नवरीला मेंदी, हिरवा चुडा. आमच्या गावात त्यांचं प्रार्थनामंदिर अजून आहे, माणसं मात्र जवळजवळ नाहीत. १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेली.

पण त्यांना अनातेव्कासारखं तीन दिवसांत घर विकून चालतं व्हा असं इथे कोणी सांगितलं नाही. ती आपल्या मर्जीने, धर्मासाठी, नोकरीसाठी गेली. म्हणून पिक्चर बघून आमच्या बेने इस्रायलींबद्दल गळा काढायचा नाही, ती गोष्ट त्यांची नाही. उलट तिकडे गेल्यावर काय झालं ते बघा. धर्मगुरूंनी विचारलं तुम्ही पक्के यहुदी कशावरून, तुमच्याशी लग्न लावायचं तर आधी घराण्याची चौकशी. भारतातून गेलेल्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये सरकारने त्यांच्या बाजूने उभं राहून तो विषय मिटवला. सप्टेंबरात तिकडे न्यूयॉर्कला या नाटकाचा पहिला प्रयोग. कोणाचं लग्न कोणाशी लागेल, परंपरा कोण ठरवणार, तोच वाद. फक्त इथे दारात उभे होते ते आपले मराठी बोलणारे लोक.

तिकडे त्यांनी मराठी मासिक पण काढलं, नाव मायबोली.

निशिगंध:

मांदेली, हे काहीच माहीत नव्हतं मला. स्वतंत्र लेख लिहा, विनंती समजा की धमकी.

तात्या, गायीची काळजी सासूबाईंना पण वाटत होती, "आवाजाने दूध चोरेल ती" म्हणाल्या.

सुपारी_फोड:

इथे सहसा लिहीत नाही. हा पिक्चर मी कॉलेजात असताना फिल्म क्लबमध्ये बघितला होता आणि तेव्हा मोटलचं ते चमत्कारवालं गाणं आवडलं होतं, झाडांमधून धावतो ते. बाकी विसरलो होतो.

नंतर माझं लग्न आमच्या घरच्यांच्या मनाविरुद्ध झालं, जात वेगळी. वडील सात वर्षं बोलले नाहीत. आई फोन करायची, दुपारी, ते झोपलेले असताना. या धाग्यामुळे काल परत बघितला, आणि मोटलचं गाणं येऊन गेलं, मला काहीच वाटलं नाही. पण हावा रस्त्यात गाडीच्या मागे येते आणि तो गाडी ओढत राहतो, थांबत नाही, तिथे मी पॉज केला. बायको म्हणाली चहा ठेवू का. म्हटलं ठेव.

एक गोष्ट सिनेमात आता कळली. टेव्या तिला नाकारतो त्याआधी त्याला आठवण येते ती मुलींच्या नाचाची, सावल्यांसारख्या, छोट्या पक्ष्याचं गाणं. म्हणजे त्याला ती लहानच दिसतेय. मोठी बाई समोर उभी आहे आणि तो लहान मुलीवर रागावलाय. आमच्या वडिलांचं तेच झालं असणार.

पेटीमास्तर:

सुपारी_फोड, __/\__

चष्मिष:

+१. आणि तो सीन स्टेजवर नृत्य म्हणून असतो, सिनेमात ज्युइसनने मागे धूसर आकाश ठेवलंय फक्त. तिथे तरी तात्यांना शागाल सापडायला हरकत नाही.

तिरकस_तात्या:

सापडला. मागे घेतो. पर्चिकबद्दल नाही घेणार.

बोरुबहाद्दर:

पर्चिक कंटाळवाणा आहे हे खरं, पण त्याच्यामुळे होडेलचा स्टेशनचा सीन मिळतो. ओसाड रूळ, बर्फ, बाप आणि मुलगी, ती सायबेरियाला निघालीय होणाऱ्या नवऱ्यामागे. तिथे गाणं संपल्यावर टेव्या देवाला एवढंच सांगतो की हिची काळजी घे, गरम कपडे घालतेय ना बघ. आख्ख्या पिक्चरमधली सगळ्यात साधी ओळ ती.

मोगरा_वाशी:

कालच बघितला धागा वाचून. आवडला, पण लग्नाच्या प्रसंगानंतर पुढे बघवेना. दोरी काढून बायका-पुरुष एकत्र नाचायला लागतात, डोक्यावर बाटल्या ठेवून नाचणारे ते लोक (एकही पडत नाही, मी श्वास धरून बसले होते), आणि मग दारात घोडे. भेटवस्तूंची उशी फाडली जाते, पिसं उडतात. तो पोलीस अधिकारी टेव्याचा ओळखीचा असतो हे जास्त लागलं. हुकूम आहे म्हणतो.

निशिगंधताई, आजींना विचारा ना, टेव्याचं चुकलं का?

निशिगंध:

विचारलं, काल रात्री भाजी निवडताना. शेवटचा सीन आठवतो ना, हावा निरोप घेते, टेव्या सामान बांधत राहतो, वर बघत नाही, पण त्साइटेलला हळूच पुटपुटतो की देव तुमच्यासोबत असो, आणि ती मोठ्याने हावाला सांगते. सासूबाई म्हणाल्या, "चुकलं का ते मला नको विचारू. पण तो बोललाच होता, तिला ऐकू पण गेलं होतं. मोठीने परत कशाला सांगायचं? बापाचं एवढं तरी ठेवायचं त्याच्याकडे."

मी म्हटलं पण मोठीने सांगितलं नसतं तर तिला कळलं कसं असतं. त्या म्हणाल्या, "कळतं."

मला पटलं नाही, अजून वाद चालू आहे. सुपारी_फोड, तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल, नसेल लिहायचं तर नका लिहू.

शाळेचा प्रयोग शुक्रवारी आहे. बारा गावकरणींचे रुमाल शिवायचं काम माझ्याकडे आलंय कारण मीटिंगमध्ये मी चुकून हात वर केला. सात झालेत, सासूबाई काजं करतायत, रुमालाला काजं कशाला हे विचारायची माझी हिंमत नाही.